विट्यातल्या चष्म्याच्या दुकानातल्या ताईंना, आमच्या सगळ्या घराकडून थँक्यू

नमस्कार ताई,

तुमचं नाव मुद्दाम लिहीत नाही, तुम्हाला आवडायचं नाही, पण हे वाचलंत तर लगेच ओळखाल की ही त्या आजींना घेऊन येणारी सून. त्या दिवशी तुम्ही गुपचूप नवा चष्मा बनवून दिला असतात तर आम्ही खुशीत घरी गेलो असतो आणि आईंचा (म्हणजे माझ्या सासूबाईंचा) दुसराही डोळा हातचा गेला असता. तोंडावर कधी धड बोलता आलं नाही म्हणून आज सगळ्यांसमोर लिहितेय.

आईंचं वय ७६. त्यांची तक्रार ऐकायला साधीच होती, ठिपक्यांची रांगोळी जमेना. हात इतक्या वर्षांचा बसलेला, ठिपके बरोबर पडायचे पण जोडायला घेतलं की मधली ओळ वाकडी दिसायची, मग पुसायच्या, परत काढायच्या, परत वाकडीच, आणि शेवटी चिडून उठून जायच्या. आधी एका ठिकाणी दाखवलं होतं, तिथं "वयोमानानं व्हायचंच, थोडा मोतीबिंदू आहे, पिकला की काढू" असं सांगून पाठवून दिलेलं. तुम्ही मात्र रांगोळीचं ऐकलंत आणि नंबर काढायचं थांबवून ड्रॉवरमधून ते चौकोनांचं कार्ड काढलंत. जवळचा चष्मा घालायला लावून एक डोळा झाकलात आणि म्हणालात, "आजी, फक्त मधल्या ठिपक्याकडं बघा, नजर हलवायची नाही, आणि रेघा कशा दिसतात ते सांगा." उजव्या डोळ्यानं आई म्हणाल्या, ठिपका कुठाय, मधे नुसतं करडं आहे. डाव्यानं म्हणाल्या, ठिपका आहे पण रेघा पाण्यात पडल्यागत हलत्यात. मी बाजूला उभी होते, माझ्या पायातलं बळच गेलं, कारण उजव्या डोळ्याचं मधलं दिसणं कधीच गेलंय हे घरात कुणाला माहीतच नव्हतं, आईंनासुद्धा नाही. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा सगळं भागवून नेतो, म्हणून एकेक झाकून बघायचं असतं, हे तुम्ही तेव्हा समजावून सांगितलंत.

त्या कार्डाला अ‍ॅम्सलर ग्रिड म्हणतात, अ‍ॅम्सलर नावाच्या स्वित्झर्लंडच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी ते आणलं, हेही तुमच्याकडूनच कळलं. साधा कागद, १० सेंटीमीटरचा चौकोन आणि त्यात अर्ध्या अर्ध्या सेंटीमीटरच्या घरांची जाळी, बास. एवढ्याशा कागदानं आमचं केवढं काम केलं. तुम्ही चष्म्याची ऑर्डर घेतलीच नाहीत, चिठ्ठीवर "पडद्याच्या डॉक्टरांना दाखवा, याच आठवड्यात" असं लिहून खाली दोन रेघा मारल्यात आणि वर यांना फोन लावून सांगितलंत की दिवाळी झाल्यावर जाऊ असलं काही चालणार नाही. तुमचं ते दरडावणं मी विसरणार नाही.

मिरजेला ओसीटी म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा स्कॅन काढला (हनुवटी टेकवून बसायचं, काही दुखत नाही), डायची टेस्ट (शिरेत रंग टोचून पडद्याचे फोटो काढतात ती) झाली, दुसऱ्या दिवशी लघवी पिवळीधमक होते ती घाबरायची गोष्ट नाही हेही तुम्ही आधीच सांगून ठेवलेलं. निदान तुम्ही म्हणाला होतात तेच, वयामुळं मॅक्युला (पडद्याचा मधला भाग) खराब होण्याचा आजार, त्यातला ओला प्रकार. पडद्याच्या मागून नको त्या बारीक रक्तवाहिन्या उगवतात, त्या कच्च्या असतात, गळतात, आणि पडद्याचा जो मधला भाग वाचायला, चेहरे ओळखायला लागतो नेमका तोच खराब होतो. उजव्या डोळ्यात जुना व्रण धरलेला, तिथं करण्यासारखं काही नव्हतं. डाव्यात गळती ताजी होती.

मग इंजेक्शन. डोळ्यात सुई म्हटल्यावर आई म्हणाल्या, मी आंधळी बरी. आम्ही सगळे सांगून थकलो, मग परत तुमच्याकडं आणलं आणि तुम्ही दुकानात गिऱ्हाईक असताना त्यांच्याजवळ स्टूल ओढून बसलात, हात हातात घेतलात आणि एकेक पायरी सांगितलीत. बधिर करायचे थेंब टाकतात, बेटाडिननं धुतात, पापणी मिटू नये म्हणून क्लिप लावतात, सुई बुबुळात नाही तर बाजूच्या पांढऱ्या भागात देतात, थोडा दाब जाणवतो आणि झालं. खोटा दिलासा दिला नाहीत हे मला जास्त भावलं. गेलेलं सगळं परत येईल असं नाही, पण आहे ते टिकवायचंय, आणि एक घेऊन भागणार नाही, आधी महिन्याला एक अशी तीन आणि मग स्कॅन बघून अंतर वाढवत नेतात, असं स्पष्ट सांगितलंत. स्वस्तातलं इंजेक्शन घेतलं तर कमी गुण येईल का म्हणून हे रात्ररात्र जागत होते, तेव्हा बेव्हॅसिझुमॅब आणि महागडं रॅनिबिझुमॅब यांची अमेरिकेत समोरासमोर तुलना झाली, २०११ मध्ये निकाल आला आणि नजरेचा गुण सारखाच निघाला, हे तुम्ही सांगितलंत, डॉक्टरांनीही तेच सांगितलं, तेव्हा कुठं यांचा जीव भांड्यात पडला. आणि इंजेक्शननंतर डोळा दुखला, लाली वाढली, दिसणं कमी झालं तर सकाळची वाट न बघता निघायचं, हे मोठ्या अक्षरात लिहून दिलेला कागद अजून फ्रिजवर आहे.

पण खरं सांगू का ताई, सगळ्यात मोठे उपकार वेगळेच आहेत. मधल्या काळात आई गप्प गप्प झाल्या होत्या, संध्याकाळी अंगणाकडं बघायच्या नाहीत. शेजारणी म्हणायला लागल्या बाहेरचं काहीतरी असेल, बघणाऱ्याकडं न्या. तुम्ही कार्ड तपासताना सहज विचारलंत, "आजी, नसलेलं काही दिसतं का हो? माणसं, फुलं, नक्षी?" आणि आई ढसाढसा रडल्या. अंगणात झबली घातलेली बारकी पोरं दिसायची, आवाज नाही, बोलणं नाही, नुसती उभी. वेड लागलं म्हणतील म्हणून कुणाला सांगत नव्हत्या. तुम्ही म्हणालात, डोळ्याकडून चित्र कमी पोचलं की मेंदू आपली चित्रं भरतो, याला चार्ल्स बॉने सिंड्रोम म्हणतात, १७६० मध्ये बॉने यांनी आपल्या आजोबांचं असंच लिहून ठेवलंय, हे वेड नाही आणि बाधा तर नाहीच. तरी डॉक्टरांच्या कानावर घाला म्हणालात, घातलं, त्यांनीही तसंच सांगितलं. त्या रात्री आई दोन घास जास्त जेवल्या. आता पोरं दिसली तर डोळे इकडून तिकडं फिरवतात, दिवा लावतात, जातात ती.

तुमच्या सांगण्यावरून मावशींचेही (आईंच्या धाकट्या बहिणीचे) डोळे तपासून घेतले, कारण हे घराण्यात चालतं. त्यांचा कोरडा प्रकार निघाला, मधल्या टप्प्यातला, त्यांना ल्युटिन, झिंकच्या गोळ्या चालू आहेत. ते बघून आमचे चुलतसासरे मलाही आणा म्हणायला लागले, तर तुम्ही सरळ सांगितलंत की आजार नसलेल्याला या गोळ्यांचा फायदा नाही, आणि बीटा कॅरोटिनवाल्या जुन्या गोळ्या तर बिडी ओढणाऱ्यानं हातातसुद्धा घेऊ नयेत, फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका वाढतो, डोळे जपायचे तर आधी बिडी सोडा. सुटली नाहीये अजून, पण कमी केलीय.

डाव्या डोळ्याच्या रेघा आता बऱ्याच सरळ झाल्यात. भिंग आणि टेबललॅम्प घेऊन आई पेपरातले मोठे मथळे वाचतात. इंजेक्शनांमधलं अंतर दोन महिन्यांवर आलंय. एसटीत त्यांना ७५ च्या पुढचं म्हणून तिकीट नाही आणि मला अर्धं, त्यामुळं तारीख चुकवायला काही कारणही उरत नाही.

एक काम आहे. आमच्या भजनी मंडळात बहुतेक सगळ्या साठीच्या पुढच्या आहेत आणि एकेक डोळा झाकून कुणीच कधी बघितलेलं नाही. ती चौकोनांची कार्डं वीस-पंचवीस मिळतील का? झेरॉक्सचे पैसे मी देते. मंगळवारी मिरजेची तारीख आहे, येताना दुकानात येऊ. आईंनी तुमच्यासाठी कुरडया बांधून ठेवल्यात, नको म्हणू नका.

तुमची,
आजींची सून