अडलेल्या गाईबद्दल मित्रास पत्र

मुरबाड, जि. ठाणे

प्रिय दिनकर,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. वाशिंदच्या वाडीवर आणलेली कालवड कासेला येऊ लागली असून दिवाळीच्या आगेमागे ती विण्याची शक्यता आहे, हे वाचून आनंद झाला. मात्र शेजारच्या वाडीतली गाय अडली, गड्यांनी मिळून ओढून वासरू काढले, ते मेलेलेच निघाले आणि गाय त्यानंतर उठली नाही, हे ऐकल्यापासून वहिनींची झोप उडाली आहे असे तू लिहितोस आणि आपल्यावर तशी वेळ आली तर काय करावे, असे विचारतोस. माझ्या गोठ्यातल्या अनुभवावरून आणि इकडच्या पशुवैद्यकांनी वेळोवेळी शिकवलेल्या गोष्टींवरून लिहितो. शेजाऱ्यांकडे ओढायला माणसे भरपूर होती, पण पाणमोट, म्हणजे वासराभोवतीची पाण्याची पिशवी, केव्हा दिसली हे त्यांच्यापैकी एकालाही सांगता आले नाही, असे तूच लिहिले आहेस. माझ्या मते सगळे बिनसले ते तिथेच. अडलेल्या गाईला जोर लावणाऱ्यांपेक्षा घड्याळाकडे पाहणारा माणूस अधिक उपयोगी पडतो.

त्यासाठी पहिले काम आजच कर. रेतन केल्याची तारीख कार्डावर असेल, ती शोधून भिंतीवर लिहून ठेव. गाय साधारण २८० दिवसांनी विते, देशी रक्ताची असेल तर आणखी काही दिवस घेते. तारीख जवळ आली की कास ताठ होते, सडांवर चकाकी येते, शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना खड्डे पडतात आणि निरण, म्हणजे योनीचे बाहेरचे तोंड, सुजून सैल होते. हे दिसू लागले की तिला दावणीवरून सोडून कोरड्या, मोकळ्या जागी ठेव आणि खाली भाताचा स्वच्छ पेंढा अंथर. परतीचा पाऊस रेंगाळला तर आपल्याकडचे गोठे दिवाळीपर्यंत ओलेच असतात आणि घसरड्या जमिनीवर कळा देणारी गाय पाय फाकून पडली, तर पुढचे सगळेच अवघड होते.

विण्याचे तीन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात गर्भाशयाचे तोंड उघडते. गाय अस्वस्थ होते, ऊठबस करते, शेपटी उचलून धरते, पोटाकडे वळून पाहते, चारा सोडते. याला दोन ते सहा तास लागतात, पहिलारू कालवडीला याहून बराच जास्त वेळ लागू शकतो, आणि या काळात तिच्याभोवती गर्दी न करणे हीच मदत असते. दुसरा टप्पा पाणमोट दिसल्यापासून सुरू होतो, आणि घड्याळ पाहायचे ते इथून. आधी व्यालेल्या गाईचे वासरू एरवी अर्ध्या ते एका तासात बाहेर येते, पहिलारूला दोन तास किंवा थोडे अधिक लागतात. पाणमोट दिसून दोन तास झाले आणि पाय दिसले नाहीत, किंवा गाय अर्धा तास जोराच्या कळा देत असूनही वासरू बोटभरही पुढे सरकले नाही, किंवा पाय दिसून पुन्हा आत गेले आणि कळा थंडावल्या, तर वाट पाहण्याची वेळ संपली असे समजावे आणि डॉक्टरांना फोन करावा. पहिल्या टप्प्यातली अस्वस्थता बारा तास ओलांडूनही पाणमोटच आली नाही, तरीही फोन करावा. हा दुसरा प्रकार लोकांच्या लक्षात येत नाही, म्हणून तो मुद्दाम लिहितो.

पाय दिसल्यावर ते नीट पाहायला शीक, कारण फोनवर डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात. वासरू सरळ असेल तेव्हा पुढचे दोन पाय, एक थोडा पुढे आणि एक थोडा मागे, असे येतात, खुरांचे तळवे जमिनीकडे असतात आणि गुडघ्यांवर टेकलेले नाक मागोमाग दिसते. तळवे आभाळाकडे असतील तर ते बहुधा मागचे पाय असतात. शंका आली तर सांधे चाचपून पाहावेत : पुढच्या पायात खुरावरचा सांधा आणि त्यावरचा गुडघा एकाच दिशेला वाकतात, मागच्या पायात ते दोन सांधे विरुद्ध दिशांना वाकतात. दोन पाय आले पण नाक नाही, तर मान आत वळलेली असते. नाक आले पण पाय एकच, तर दुसरा पाय गुडघ्यात किंवा खांद्यापासून मागे दुमडलेला असतो. अशा स्थितीत ओढणे म्हणजे अडसर आणखी घट्ट बसवणे. फसवी अवस्था म्हणजे वासराचा पार्श्वभाग गर्भाशयाच्या तोंडाशी येऊन दोन्ही मागचे पाय पोटाखाली राहणे. जननमार्गात काहीच शिरत नसल्यामुळे गाय जोराच्या कळा देत नाही, बाहेर काही दिसत नाही, फार तर आत शेपटी हाताला लागते, आणि गाय अजून वेळ घेते आहे असे समजून घरचे निवांत बसतात.

आत हात घालण्याविषयी माझे मत थोडे कडक आहे. एकाच माणसाने, नखे कापून, अंगठी-घड्याळ काढून, हात कोपरापर्यंत धुऊन आणि लांब हातमोजा घालून एकदाच तपासावे. बघ्यांपैकी प्रत्येकाने 'जरा मी बघतो' म्हणायचे नाही. गाईचा मागचा भागही आधी धुवावा. साबणाने आतला नैसर्गिक बुळबुळीतपणा निघून जातो, म्हणून धुतल्यावर लिक्विड पॅराफिन किंवा स्वच्छ खोबरेल भरपूर वापरावे. हातमोजा तुझ्यासाठीही आहे, कारण ब्रुसेलोसिस हा जनावरांचा संसर्गजन्य रोग विण्याच्या वेळच्या स्रावांतून माणसाला होतो आणि लेप्टोस्पायरोसिस आपल्या भागाला नवा नाही. वासरू जिवंत आहे का, हे पाहायला खुरांच्या बेचक्यात चिमटा घ्यावा किंवा तोंडात बोट द्यावे. ते पाय आखडते किंवा बोट चोखते. हालचाल मिळाली नाही म्हणून मात्र लगेच आशा सोडू नये. दुमडलेला पाय सरळ करण्यासाठी वासराला आधी आत ढकलून जागा करावी लागते, तेही दोन कळांच्या मधल्या काळात आणि खूर तळहातात झाकून, म्हणजे गर्भाशयाला इजा होत नाही. हे काम डॉक्टरांचे आहे. ते शेपटीच्या मुळाशी भुलीचे इंजेक्शन देऊन गाईचे कुंथणे थांबवू शकतात, ती सोय तुझ्या-माझ्याकडे नाही.

आमच्या आळीत सरळगावकडून आणलेल्या एका संकरित गाईचे उदाहरण सांगतो. ती दिवसभर अस्वस्थ होती, मधूनच पोटावर लाथ मारत होती, पण पाणमोट येत नव्हती. घरचे म्हणत होते की दिवस भरले नसतील. डॉक्टरांनी आत हात घातला तेव्हा मार्गाच्या भिंती धोतर पिळल्यासारख्या मळसूत्री वळलेल्या लागल्या. गर्भाशयालाच पीळ पडला होता. त्यांनी पीळ कोणत्या बाजूचा आहे ते ठरवले, गाईला त्याच बाजूवर निजवले, पुढचे आणि मागचे पाय वेगवेगळे बांधले, तिच्या पोटावर एक लांब फळी तिरकी टेकवून एका माणसाला तीवर उभे केले आणि आम्हा सर्वांकडून गाईला पिळाच्या दिशेनेच हळूहळू उलथून घेतले. फळीच्या दाबाने गर्भाशय जागच्या जागी राहते आणि गाईचे शरीर त्याच्याभोवती फिरून पीळ सुटतो. प्रत्येक उलथणीनंतर ते हात घालून पाहत होते, आणि पीळ सुटला तसा आतून द्रवाचा लोंढा आला. गाय वाचली, वासरूही वाचले. म्हशींमध्ये हा प्रकार अधिक आढळतो, आणि असे उलथूनही पीळ सुटला नाही तर शस्त्रक्रियेने वासरू काढावे लागते. पोट दुखते म्हणून त्या गाईला दिवसभर ओवा-हिंग पाजत बसले असते, तर तिचे काय झाले असते हे सांगायला नको.

कळाच येत नसतील तर कारण वेगळे असू शकते. भरपूर दूध देणाऱ्या, तीन-चार वेते झालेल्या गाईत कॅल्शियम कमी पडते. कान थंड लागतात, गाय मान एका कुशीकडे वळवून सुस्त बसते आणि गर्भाशय आकुंचनच पावत नाही. कॅल्शियम शिरेतून द्यावे लागते आणि ते अगदी सावकाश द्यावे लागते, कारण घाईने दिल्यास हृदयावर परिणाम होतो. म्हणून ती बाटली स्वतः लावण्याचे धाडस करू नकोस. कळांचे इंजेक्शन म्हणून कुणी ऑक्सिटोसिन सुचवले तर स्पष्ट नकार दे. गर्भाशयाचे तोंड उघडलेले नसताना किंवा वासरू आडवे असताना ते दिले, तर गर्भाशय फाटू शकते.

ओढण्याची वेळ आलीच, आणि वासरू सरळ आहे व मार्ग उघडला आहे असे डॉक्टरांनी सांगितले, तर दोरी स्वच्छ व मऊ असावी, फास खुरावरच्या सांध्याच्या वर आणि त्याच दोरीचा एक वेढा सांध्याखाली असावा, म्हणजे भार एका जागी येऊन हाड मोडत नाही. एकदा एक पाय, मग दुसरा, असे आळीपाळीने ओढले की खांदे तिरके होऊन निघतात. गाय कळ देईल तेव्हाच ओढावे, ती थांबली की थांबावे, आणि डोके व खांदे बाहेर आल्यावर ओढीची दिशा गाईच्या मागच्या खुरांकडे खाली वळवावी. दोन माणसांच्या ताकदीने निघत नसेल, तर तिसरा माणूस बोलावू नये. ट्रॅक्टर किंवा मोटारसायकल लावणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. 'अडली गाय फटके खाय' या म्हणीचा अनुभव मुक्या जनावराला अक्षरशः द्यायचा नसतो. अशा ओढाताणीत ओटीपोटातून मागच्या पायांकडे जाणाऱ्या नसा दबतात. तुझ्या शेजाऱ्यांची गाय उठली नाही, त्याचे कारण बहुधा हेच असावे. उलटे, म्हणजे मागच्या पायांनी येणारे वासरू मात्र कंबर बाहेर आल्यानंतर रेंगाळू देऊ नये, कारण नाळ दबलेली असते आणि डोके अजून आत असते.

वासरू बाहेर आले की नाका-तोंडातला चिकटा पुसावा, ते छातीवर बसते करावे, पेंढ्याची काडी नाकपुडीत फिरवावी, डोक्यावर थोडे थंड पाणी टाकावे आणि गोणपाटाने अंग चोळावे. नाळेला टिंक्चर आयोडीन लावावे. वासराच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका चीक, म्हणजे व्याल्यानंतरचे पहिले घट्ट दूध, पहिल्या दिवसात त्याच्या पोटात जायला हवा, आणि त्यातला मोठा भाग पहिल्या दोन तासांत, कारण गाईच्या वारेतून (गर्भाला पोसणाऱ्या आवरणातून) वासराला प्रतिकारशक्ती मिळत नाही आणि चिकातली ती शोषून घेण्याची आतड्याची क्षमता दिवसभरात संपते. ठाण्याचे आणि डोंबिवलीचे नातेवाईक खरवसासाठी फोन करू लागतील. वासराचे भागल्यावर उरेल ते त्यांना द्यावे. वार बारा तासांत पडायला हवी. पडली नाही तर तिला वीट किंवा चप्पल बांधू नये, हाताने ओढूही नये, डॉक्टरांना कळवावे.

तुझी कालवड गावठी आईची, अंगाने लहान, आणि तिला रेतन जर्सीचे झाले आहे. वासरू तिच्या मानाने मोठे असण्याची शक्यता धरून चाल. शेवटच्या दोन महिन्यांत तिला हवे तेवढेच पोषण मिळू दे, कारण चरबी चढलेल्या गाईचा मार्ग आतून अरुंद होतो. पुढच्या वेळी वळू निवडताना सुलभ प्रसूतीचा गुण विचारून घे. १९६२ हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा टोल-फ्री क्रमांक आहे, पण रात्रीसाठी जवळच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांचा आणि आणखी एका खाजगी डॉक्टरांचा नंबर आधीच घेऊन ठेव. त्यांना एकदा वाडीवर नेऊन कालवड दाखव, म्हणजे अपरात्री त्यांना रस्ताही सापडेल आणि ती अंगाने केवढी आहे हेही त्यांना ठाऊक असेल.

रेतनाची तारीख मला कळव. त्या आठवड्यात मी वाडीवर येऊन राहीन. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
वसंत