स्प्लिट (पाय पूर्ण फाकवून बसणं) येत नाही म्हणून ताई-ची सोडू नका

संपादक साहेब,
पुरवणीतला ताई-चीचा लेख आवडला, पण पाय डोक्यापर्यंत नेलेला फोटो बघून माझ्या वयाचे लोक घाबरणारच ना! ते स्पर्धेतलं वुशू (चिनी युद्धकलांचा खेळ) असतं. ताई-ची, बाग्वा, शिंगयी या चिनी युद्धकलांत लवचिकता लागते ती मुख्यतः कंबर, खुबा आणि पाठीच्या कण्यात, बाग्वात तर गोल चालता चालता अख्खं धड पिळायचं असतं. ताई-चीच्या चेन शैलीत पार जमिनीला टेकायची बैठक आहे खरी, पण चीनने १९५६ साली बसवलेल्या ताई-चीच्या २४ हालचालींच्या सोप्या प्रकारात उंच उभं राहूनही चालतं. आणि चीनच्या ताओ धर्मपरंपरेतही शिकवतात ते चीगोंगमधलं (श्वास आणि सावकाश हालचालींच्या चिनी व्यायामातलं) बादुआनजिन, आठच व्यायाम, ते आधी छापा की! त्यात स्नायूंना ताण सावकाश येतो, श्वासाबरोबर, अंग सैल सोडून. बैठक जबरदस्तीने खाली नेली तर गुडघे दुखतात, हे पण लिहा प्लीज.

– एक वाचक, ठाणे