पार्माची जर्सी आणि तुझा पिवळा-निळा हट्ट

प्रिय पक्या,

तुझा लांबलचक व्हॉइस मेसेज ऐकला, अर्धा वेळ तर मिलानच्या मेट्रोचाच आवाज आहे पण मुद्दा पोचला. ऑफिसच्या कामातून एक दिवस मोकळा मिळतोय, ट्रेनने पार्माला जाऊन येणार, माझ्यासाठी तिथल्या फुटबॉल क्लबची जर्सी आणणार, आणि ती पण पिवळ्या-निळ्या आडव्या पट्ट्यांची, कारण म्हणे "खरी पार्मा तीच". व्हॉट्सॲपवर भांडत बसलो तर रात्र जाईल म्हणून मेल लिहितोय, नीट बसून वाच आणि मधेच रिप्लाय टाकू नकोस.

तुझं म्हणणं मला कळतं रे. १९९९ ची यूएफा कप (युरोपातल्या क्लबांची स्पर्धा) फायनल, मॉस्को, फ्रान्सच्या मार्से क्लबला ३-० ने लोळवलं, क्रेस्पो, वानोली, किएसा, मागे बुफोन, थुराम, कानावारो, मधे वेरोन, आणि सगळ्यांच्या अंगात तीच पट्ट्यांची जर्सी. आपल्या वयाच्या कुणालाही पार्मा म्हटलं की तेच दिसणार. आणि पिवळा-निळा हे पार्मा शहराचेच रंग आहेत, म्हणजे तो काही कुणी बाहेरून आणून चिकटवलेला नाही, हे पण मान्य. पण भावा, क्लब १९१३ चा आहे. संगीतकार वेर्दीच्या जन्मशताब्दीला त्याच्याच नावाने सुरू झाला आणि त्याच वर्षी पार्मा हे नाव घेतलं, तेव्हापासूनची जर्सी पांढरी, छातीवर मोठा काळा क्रॉस. म्हणून तर त्यांना 'क्रोचाती', म्हणजे क्रॉसवाले, म्हणतात. पार्मालाट या दूध कंपनीचा पैसा आला तेव्हा हा क्रॉस मागे पडला. मग दूधवाल्यांचा तो सगळा डोलारा २००३ मध्ये कोसळला आणि २००४ मध्ये क्लब नव्याने उभा राहिला तेव्हा क्रॉस परत आला. म्हणजे पैसा गेला तेव्हा आठवण झाली, असं तू म्हणशील. म्हण.

पण माझा खरा मुद्दा २०१५ चा आहे. त्या सीझनमध्ये क्लब विकला गेला तो १ युरोला, पगार नाहीत, स्टेडियमवर सिक्युरिटी ठेवायला पैसे नाहीत म्हणून उदिनेसेबरोबरची मॅच पुढे ढकलली, आणि प्लेयर्सवर आपापली जर्सी घरी नेऊन धुवायची वेळ आली. विचार कर, सेरी ए मधला, म्हणजे इटलीच्या सगळ्यात वरच्या लीगमधला प्लेयर मॅच संपली की मळकी जर्सी पिशवीत कोंबून घरी नेतोय! पुढे दिवाळं निघालं, सामानसुमानाचा लिलाव झाला, ट्रॉफ्या पण त्यात आल्या. तू ज्या १९९९ च्या जोरावर भांडतोस त्या कपावर पण बोली लागायची वेळ आलेली! आणि टीम डायरेक्ट सेरी डी मध्ये, म्हणजे चौथ्या पायरीवर, जिथे समोरच्या टीममधली पोरं दिवसा दुसरी नोकरी करतात. तिथे पण ९ हजारांच्या वर सीझन तिकिटं खपली, आणि अख्खा सीझन एकही मॅच न हरता वर आले. तेव्हा अंगात काय होतं? क्रॉस. मग पुढच्या वर्षी परत प्रमोशन, त्याच्या पुढच्या वर्षी परत. सलग तीन प्रमोशन, इटलीत याआधी कुणी केलं नव्हतं.

तिसरं तर नाद खुळा. १८ मे २०१८, सेरी बी चा शेवटचा दिवस, पार्मा स्पेझियाला जाऊन २-० जिंकतेय पण त्याचा उपयोग तेव्हाच जेव्हा तिकडे फ्रोसिनोने जिंकणार नाही, आणि फ्रोसिनोने घरच्या ग्राउंडवर फोज्जाच्या पुढे २-१. ८९ व्या मिनिटाला फोज्जाने बरोबरी केली. दोघांचे ७२ पॉइंट, आपसातल्या मॅचमध्ये पार्मा सरस, झाले की वर. कॅप्टन लुकारेल्ली, वय ४०, हा माणूस क्लब बुडाला तेव्हा एकटा थांबला होता, सेरी ए पासून खाली डी पर्यंत आणि परत ए पर्यंत, आणि वर आणून सोडलं की रिटायर. आता सांग ही जर्सी खरी की मॉस्कोची?

एक मात्र आहे, ही भांडणं फक्त आपली नाहीत. प्रमोशन मिळालं की इटलीत पंधरा दिवस नाच, आणि मग नवी जर्सी आली की सगळे तुटून पडतात, स्पॉन्सर केवढा मोठा, रंग फिका का, लोगो का बदलला. आपल्याकडे कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर तालमीची पोरं वेगळ्याच रंगात उतरली तर पेठेत काय राडा होईल, तसंच. कारण मालक काय, आज अमेरिकेचा उद्या इंडोनेशियाचा (कोमो बघ, २१ वर्षांनी २०२४ मध्ये वर आली ती हार्तोनो भावांच्या पैशावर), प्लेयर तर भाडेकरूच, मग लोकांच्या हातात राहतं काय तर रंग.

बारीचं बघ. २०२३ ची सेरी ए मध्ये जायची प्लेऑफ फायनल, समोर कॅलियारी. नियम असा की दोन मॅच मिळून बरोबरी झाली तर लीगमध्ये वर असलेला वर जातो. बारी तिसरी होती, कॅलियारीत १-१ करून आलेली, घरी ०-० राहिलं तरी चाललं असतं. सान निकोला खचाखच भरलेलं, ९० मिनिटं ०-०, आणि ९४ व्या मिनिटाला कॅलियारीच्या सबस्टिट्यूट आलेल्या पावोलेत्तीचा गोल. संपलं. रानिएरी, कॅलियारीचा कोच, त्याने जाऊन स्वतःच्याच लोकांना सांगितलं की चिडवू नका, टाळ्या वाजवा. लई मोठा माणूस. पण बारीच्या लोकांचं खरं दुखणं वेगळंच, मालक दे लाउरेन्तीस घराणं, नापोली पण त्यांचीच, आणि एकाच मालकाच्या दोन टीम सेरी ए मध्ये चालत नाहीत. म्हणजे वर गेलो तर विकले जाणार, आणि नाही गेलो तर लोकांना शंका की मालकालाच जायचं नव्हतं! पुढच्याच सीझनला बारी खाली जाता जाता वाचली.

आणि तू व्हेनेझियाची जर्सी पण बघतो म्हणालास, ते मात्र जपून. २०२१ मध्ये शेवटच्या क्षणी, ९३ व्या मिनिटाला, व्हेनिसमध्येच जन्मलेल्या बोकालोनने गोल मारून प्रमोशन पक्कं केलं, टीम दहा जणांवर आलेली तरी, आणि मग ग्रँड कॅनॉलवर बोटींतून मिरवणूक. इथपर्यंत सगळं मस्त. मग काळ्यावर सोनेरी जर्सी काढली आणि जगभरच्या फॅशनवाल्यांनी उचलली, ज्यांना टीमचा गोलकीपर कोण हे पण माहीत नाही. मला वाईट वाटत नाही, पैसे येतात क्लबला. पण जुना रंग काळा-हिरवा, नारंगी आला १९८७ मध्ये मालक झाम्पारीनीने शेजारच्या मेस्त्रेचा क्लब जोडला तेव्हा, आणि जुन्या लोकांना तो जोडच पटला नव्हता. आज तेच नारंगी-काळा-हिरवा म्हणून ओरडतात आणि सोनेरीवर नाक मुरडतात. म्हणजे तीस वर्षांनी सोनेरी पण परंपरा होईल बहुतेक, बघ.

२०२५ मध्ये पिसा ३४ वर्षांनी वर आली, ती पण बारीला हरून! सान निकोलावर १-० हरले, पण तिकडे स्पेझिया पण हरली म्हणून त्यांचा तेव्हाचा कोच इंझागीची पोरं दुसऱ्याच्या ग्राउंडवर नाचली. बारीवाल्यांनी आपल्याच घरात दुसऱ्याचं प्रमोशन बघायचं, काय नशीब म्हणायचं हे.

तर आता कामाचं. मला क्रॉसवालीच, साइज एल, इटालियन फिटिंग टाइट असतं म्हणे तर एक्सएल पण अंगाला लावून बघ, पोट तुझ्याएवढंच आहे माझं. रेप्लिका चालेल, उगाच प्लेयर एडिशनला पैसे घालू नकोस. पिवळी-निळी अवे मध्ये (बाहेरच्या मॅचच्या जर्सीत) सापडली तर ती तुझ्यासाठी घे, मग रविवारी दोघं घालून बसू आणि भांडू. आणि मागे नाव छापून देत असतील तर लुकारेल्ली ६ विचार. क्लबने तो नंबर रिटायर केलाय, त्यामुळे दुकानातला माणूस छापतो का तुला हाकलतो ते मला कळव.

तुझा,
बंड्या