आर्थिक नियोजकांचं म्हणणं कायद्याच्या भाषेत मांडून देणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

विधिमंडळाच्या कामकाजातला तुमचा अनुभव निवृत्तीनंतर तुम्ही आम्हा फी घेऊन सल्ला देणाऱ्या आर्थिक नियोजकांसाठी वापरलात आणि मानधनाचा विषय निघूही दिला नाहीत. म्हणून हे जाहीर आभारपत्र. नाव छापायचं नाही, ही तुमची अट पाळली आहे.

तुम्ही सर्वांत आधी विषयांची फोड करून दिलीत. नोंदणी, पात्रता, फीची कमाल मर्यादा हे सेबीकडे (आम्हा गुंतवणूक सल्लागारांची नियामक संस्था), जीएसटीचा विषय जीएसटी परिषदेकडे, आयकराचा केंद्रीय अर्थ मंत्रालयाकडे. तिन्ही मागण्या एकाच निवेदनात कोंबल्या की प्रत्येक कार्यालय 'विषय आमच्या कक्षेतला नाही' असा शेरा मारून मोकळं होतं.

सेबीने ऑगस्ट २०२४ मध्ये सल्लागारांच्या नियमांवर सूचना मागवल्या, तेव्हा तुम्ही चार रकाने आखून दिलेत: प्रस्तावातला परिच्छेद, आमचं मत, पर्यायी मजकूर, कारण. 'नियम शिथिल करावेत' एवढंच लिहिलं तर वाचणाऱ्या अधिकाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही, म्हणून तिसरा रकाना कधीही रिकामा सोडायचा नाही, हा तुमचा आग्रह. डिसेंबर २०२४ च्या दुरुस्तीत पदव्युत्तर पदवीची आणि ५ वर्षांच्या अनुभवाची अट गेली. वैयक्तिक सल्लागाराच्या ५ लाखांच्या नक्त मालमत्तेच्या (देणी वजा जाता उरणाऱ्या मालमत्तेच्या) अटीऐवजी १५० ग्राहकांपर्यंत १ लाखाची ठेव आली. सूचना अनेकांनी पाठवल्या होत्या, श्रेय सगळ्यांचं. अधिसूचना निघाली तरी वाट संपत नाही, हेही तुमच्यामुळे कळलं. सेबीचे विनियम संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे ३० दिवस ठेवावे लागतात आणि अशा विनियमांची छाननी करणाऱ्या संसदेच्या गौण विधान समितीकडे म्हणणं मांडता येतं.

खरा कस लागला तो जीएसटीत. एक लाख फीवर १८ हजार कर, आणि पगारदार ग्राहकाला त्याची वजावट कुठेच मिळत नाही. सगळ्यांची मागणी एकच: दर कमी करा. तुम्ही म्हणालात, दर कमी मागण्याआधी कंपोझिशन योजनेची, म्हणजे छोट्या व्यावसायिकांसाठीच्या कमी दराच्या जीएसटी योजनेची, अट वाचा. मागच्या वर्षीची उलाढाल ५० लाखांपर्यंत असलेल्या सेवा पुरवठादाराला ६ टक्के कर भरून मोकळं होता येतं. हा कर ग्राहकाकडून वसूल करता येत नाही, स्वतः भरायचा. २५ लाख फी असेल तर ग्राहकांवरच्या साडेचार लाखांऐवजी सल्लागाराच्या खिशातून दीड लाख. पण राज्याबाहेर सेवा दिली की योजना बंद, आणि सेवेचं ठिकाण ग्राहकाच्या पत्त्यावरून ठरतं. कोल्हापूरच्या सल्लागाराचा एक ग्राहक पणजीला राहायला गेला तरी सल्लागार योजनेबाहेर! छोट्या सल्लागाराला अडवते ती ही अट, आणि तिच्याकडे कोणाचं लक्षच नव्हतं.

ती बदलायची तर आधी जीएसटी परिषदेची शिफारस हवी. तिथे केंद्राच्या मताचं वजन एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोन तृतीयांश, आणि निर्णयाला तीन चतुर्थांश लागतात. म्हणजे केंद्राशिवाय चालत नाही आणि केंद्र एकटं पुरत नाही. म्हणून दिल्लीइतकंच राज्याच्या अर्थमंत्र्यांकडे निवेदन देणं महत्त्वाचं. शिफारस झाल्यावर संसदेत केंद्रीय कायद्यात आणि आपल्या विधिमंडळात राज्याच्या कायद्यात दुरुस्ती. खासदारांना प्रश्न विचारायला सांगायचं तर किमान १५ पूर्ण दिवस आधी सूचना द्यावी लागते. अधिवेशन सुरू झाल्यावर धावपळ करणाऱ्यांचे प्रश्न इथेच बाद होतात.

आयकराचं त्या मानाने सोपं. १९६१ च्या कायद्यात कलम ४४एडीए म्हणून आलेली, जमेच्या (मिळालेल्या एकूण फीच्या) ५० टक्के उत्पन्न गृहीत धरण्याची सोय वकील, डॉक्टर, वास्तुविशारद, लेखापाल यांना आहे. यादीत आर्थिक नियोजकाचं नाव नाही. ते घालायला कायदा बदलावा लागत नाही, प्रत्यक्ष कर मंडळाची अधिसूचना पुरते, हे तुम्ही दाखवलंत. नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदललेत, म्हणून निवेदनात जुने आणि नवे दोन्ही द्यायचे, ही सूचनाही तुमचीच.

अर्थसंकल्प १ फेब्रुवारीला मांडला जातो, त्यामुळे हे निवेदन दिवाळीच्या सुमारास पोचायला हवं. कंपोझिशनच्या अटीचा पर्यायी मजकूर वेगळ्या पत्रात राज्याच्या अर्थमंत्र्यांकडे जाईल. दोन्ही मसुदे तुमच्या तांबड्या शाईसाठी दुहेरी अंतर सोडून टाइप केले आहेत.

आपले कृतज्ञ,
महाराष्ट्रातील काही नोंदणीकृत गुंतवणूक सल्लागार