गोळी न्याहारीच्या आधीच का

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

बाबा, पॅन्टोप्राझोल, म्हणजे तुमची आम्ल कमी करणारी गोळी, न्याहारी झाल्यावर घेतलीत तर छातीतली जळजळ नीट हटणार नाही. कारण नीट लिहिते.

जठरात दिवसाला साधारण दीड ते अडीच लिटर पाचकरस तयार होतो. त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल, प्रथिनं तोडणाऱ्या पेप्सिनचं कच्चं रूप आणि जठराच्या अस्तराला जपणारा चिकट थर असतो. पहिला घास पोटात जायच्या आधीच रस सुटू लागतो. आईने उखळात शेंगाची चटणी कुटायला घेतली की नुसत्या वासानेच मेंदू व्हेगस नसेतून जठराला कामाला लावतो. एका जेवणाला लागणाऱ्या आम्लाचा साधारण तिसरा हिस्सा असाच सुटतो. मग भाकरी-आमटीने जठर ताणलं, डाळीतली प्रथिनं फुटू लागली, की गॅस्ट्रिन नावाचं संप्रेरक रक्तात उतरतं. त्याने जठराच्या अस्तरात हिस्टामिन हे रसायन सुटतं आणि आम्लपेशी, म्हणजे आम्ल तयार करणाऱ्या पेशी, जोर धरतात. सगळ्यात जास्त आम्ल याच वेळी. अन्न लहान आतड्यात शिरलं की तिथून निघणारं सिक्रेटिन हे संप्रेरक हा जोर कमी करतं.

आम्लपेशींमध्ये आम्ल बाहेर टाकणारे पंप असतात. तुमची गोळी फक्त चालू असलेले पंप बंद करते. न्याहारीने पंप चालू होतात, तेव्हा औषध रक्तात हजर पाहिजे. म्हणून अर्धा तास आधी, पाण्याबरोबर, आणि अख्खी गिळायची. चावली किंवा तोडली तर आवरण फुटून जठरातल्या आम्लातच औषध वाया जातं. पूर्ण गुण यायला तीन-चार दिवस लागतात, एका दिवसात सोडू नका. जळजळीवर गार दूध घेता, त्याने घटकाभर बरं वाटतं, पण दुधातली प्रथिनं आणि कॅल्शियम पुन्हा आम्ल वाढवतात.

आई, गुडघ्यासाठी तू डायक्लोफेनॅक ही वेदनाशामक गोळी घेतेस, त्याची मला जास्त काळजी आहे. ती अस्तरावरचा चिकट थरच कमी करते. रिकाम्या पोटी तर नकोच. पण रक्तातूनही तिचा परिणाम होतो, त्यामुळे जेवून घेतली तरी धोका पुरता टळत नाही. रोज लागत असेल तर डॉक्टरांना सांग. शौचाला डांबरासारखं काळं झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, दुसऱ्या दिवसावर ढकलायचं नाही.

बाबा, अन्नातलं बी१२ जीवनसत्त्व सुटं व्हायला आम्ल लागतं. तुमची गोळी बरीच वर्षं चालू आहे, शिवाय आपलं जेवण शाकाहारी. या महिन्यात बी१२ तपासून घ्या आणि रिपोर्टचा फोटो मला पाठवा.

तुमची लेक