लवचिकतेचा धडा आधी प्रमुखांना हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कामाच्या ठिकाणी लवचिक मनोवृत्ती कशी जोपासावी, यावर आपल्या पुरवणीत येणारे लेख मी आवडीने वाचते. त्यांतला बराचसा सल्ला पटतोही. पण लेखामागून लेख वाचताना एक गोष्ट खटकत राहिली, म्हणून हे पत्र. हा सगळा उपदेश नव्याने रुजू झालेल्यांना आणि हाताखालच्यांनाच केलेला असतो. नवीन पद्धत आली, शिकून घ्या. वरिष्ठ रागावले, मनाला लावून घेऊ नका. टीम बदलली, जुळवून घ्या. ज्यांच्या एका शब्दावर अख्ख्या टीमचा सूर ठरतो त्यांनी स्वतःत काय बदलावं, याबद्दल मात्र क्वचितच एखादी ओळ सापडते.

माझी सगळी नोकरी ऑपरेशन थिएटरमध्ये, म्हणजे ओटीत गेली. आधी स्क्रब सिस्टर, म्हणजे टेबलापाशी सर्जनच्या हातात अवजारं देणारी परिचारिका, पुढे ओटी इन्चार्ज आणि शेवटची वर्षं नव्या परिचारिकांना शिकवण्यात. सर्जन, भूलतज्ज्ञ, त्यांचे सहायक, स्क्रब सिस्टर, बाहेरून सामान देणारी सर्क्युलेटिंग सिस्टर, टेक्निशियन, वॉर्डबॉय असे सगळे एका टेबलाभोवती असतात. त्यांतल्या एकाने जरी दिसलेलं बोलून दाखवलं नाही, तरी त्याची किंमत टेबलावर भूल घेऊन झोपलेला माणूस मोजतो.

एक प्रसंग सांगते. पोटाची मोठी शस्त्रक्रिया संपत आली होती. टाके घालण्याआधी मॉप, म्हणजे रक्त टिपायची जाड कापडं, मोजून फळ्यावरच्या आकड्याशी जुळवायची असतात. त्या दिवशी सर्क्युलेटिंगला एक नवीन मुलगी होती. तिने मोजलं, पुन्हा मोजलं आणि फळ्याकडे बघत राहिली. मी टेबलापाशी होते. तिचा मास्क हलला, पण शब्द माझ्यापर्यंत पोचला नाही. सर्जनांच्या हातात नीडल होल्डर, म्हणजे टाक्यांची सुई धरायचा चिमटा होता. ते थांबले, तिच्याकडे वळले आणि म्हणाले, "सिस्टर, काही राहिलंय का? सांगा, मी थांबलोय." तेव्हा कुठे तिच्या तोंडून निघालं, "सर, एक मॉप कमी आहे." त्यांनी नीडल होल्डर ट्रेमध्ये ठेवला. "नीट मोजलंस ना?" असं विचारलं नाही, घड्याळाकडेही पाहिलं नाही. पोटात हात घालून एकेक कोपरा चाचपला, तर आतड्यांच्या मागे रक्ताने भिजलेला मॉप सापडला. तो बाहेर ठेवला, तिने काउंट जुळल्याचं सांगितलं, आणि मग त्यांनी तिला विचारलं, "आता बंद करू का?"

त्या एका प्रश्नाने त्या मुलीची पुढची कारकीर्द घडली असं मी मानते. पुढे तिचा काउंट ओटीच्या दारापर्यंत ऐकू यायचा. तेवढ्याच कसबाच्या दुसऱ्या एका सर्जनांबरोबर मी काम केलं आहे. तिथे आकडा चुकला की आधी सिस्टरवर आवाज चढायचा. मुली घाबरून तीन-तीनदा मोजायच्या आणि मगच बोलायच्या, तोवर वरचे टाके सुरू झालेले असायचे. मुली त्याच, शिक्षण तेच. टेबलापाशी कोण उभं आहे, एवढाच फरक.

महत्त्वाचं म्हणजे ते पहिले सर्जनही आधीपासून असे नव्हते. दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया आल्या तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती आणि पोट उघडून करायच्या शस्त्रक्रियेत त्यांचं नाव होतं. दुर्बिणीत सगळं पडद्यावर बघून करावं लागतं. खोली कळत नाही, आणि हात उजवीकडे नेला की आतलं अवजाराचं टोक डावीकडे जातं. ते प्रशिक्षण घेऊन आलेला डॉक्टर त्यांचाच विद्यार्थी होता. सर सुरुवातीला त्याच्या हाताखाली कॅमेरा धरून उभे राहिले. ड्यूटी संपल्यावर सरावाच्या खोक्यात लांब अवजारांनी मणी उचलून दुसऱ्या वाटीत टाकत बसायचे. मणी घरंगळायचे, आम्ही आजूबाजूला असायचो, आणि त्यांना त्याची लाज वाटायची नाही. ज्या माणसाने सगळ्यांसमोर शिकून घेतलं, त्याला दुसऱ्याच्या तोंडून "सर, थांबा" ऐकून घेणं जड गेलं नाही. वय झालं की स्वभाव बदलत नाही, हे म्हणणं मी तेव्हापासून मान्य करत नाही.

हा केवळ माझा अनुभव नाही. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या एमी एडमंडसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 16 रुग्णालयांतल्या हृदयशस्त्रक्रियेच्या टीम अभ्यासल्या होत्या. 2001 मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. छातीचं मधलं हाड पूर्ण न कापता, फासळ्यांमधल्या लहान छेदातून हृदयावर काम करायची नवी पद्धत त्या सगळ्या शिकत होत्या. या पद्धतीत सर्जनला पूर्वीसारखं सगळं डोळ्यांनी दिसत नाही, हाताला लागत नाही. मुख्य रक्तवाहिनीत रक्त अडवायला आतून फुगवलेला फुगा जागेवर आहे की सरकला, हे सोनोग्राफीच्या पडद्याकडे बघणाऱ्याने सांगायचं असतं. म्हणजे ज्यांनी इतकी वर्षं फक्त मागितलेलं द्यायचं, त्यांनी आता न विचारता बोलायचं होतं. कोणत्या टीम लवकर शिकल्या? सर्जनच्या अनुभवावर किंवा रुग्णालयाच्या नावलौकिकावर ते ठरलं नाही. जिथे सर्जनने "हे मला एकट्याला जमणार नाही, तुम्ही सगळे हवेत" असं आधीच स्पष्ट केलं, माणसं विचारपूर्वक निवडली, सुरुवातीला तीच टीम कायम ठेवली आणि आधी रंगीत तालीम घेतली, त्या टीम पुढे गेल्या.

याच बाईंचा 1996 सालचा एक निष्कर्ष मी शिकवताना नेहमी सांगत असे. औषधं देताना होणाऱ्या चुका त्या मोजत होत्या. चांगल्या टीमच्या हातून चुका कमी होतील अशी अपेक्षा होती, आणि आकडे उलटे आले. ज्या वॉर्डांत आपसांत चांगलं जमत होतं, तिथेच चुकांच्या नोंदी जास्त! कारण तिथे चूक झाली की लोक बोलत होते, इतरत्र ती झाकली जात होती. मी इन्चार्ज असताना आमच्या रजिस्टरमधल्या नोंदी वाढल्या, तेव्हा वरून लेखी विचारणा आली होती. मी लेखीच उत्तर दिलं की नोंदी वाढल्या याचा अर्थ मुली बोलू लागल्या आहेत, कृपया त्यांना बोलावून घेऊ नका. आकडा कमी दिसावा म्हणून माणसांना गप्प करणारी कचेरी मला कुठल्याही क्षेत्रात धोकादायक वाटते.

तुम्ही म्हणाल, नियम करून टाका. नियमही आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने 2008 मध्ये शस्त्रक्रियेसाठी तपासणी यादी दिली. भूल देण्याआधी, छेद घेण्याआधी आणि रुग्ण ओटीबाहेर नेण्याआधी थांबायचं. छेदाआधी प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं. आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरून पाहिली, तेव्हा मृत्यूचं प्रमाण दीड टक्क्यावरून 0.8 टक्क्यावर आलं, असं 2009 मध्ये प्रसिद्ध झालं. पुढे कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात 101 रुग्णालयांना यादी लागू झाली आणि 2014 मध्ये कळलं की तिथे मृत्यूंत म्हणण्यासारखा फरक पडला नव्हता. यावर तज्ज्ञांचे वाद आहेत. मी मात्र कागद कसा भरला जातो ते पाहिलं आहे. कुणीच काही बोललेलं नाही आणि सगळ्या खुणा करून झालेल्या आहेत, अशी यादी मी स्वतः परत पाठवलेली आहे.

व्यक्तीच्या वाढीचंही तसंच. मानसशास्त्रज्ञ कॅरोल ड्वेक यांचं संशोधन आपल्या लेखांत आलं होतं. क्षमता जन्मजात ठरलेली नसते, ती वाढवता येते असं मानणारा माणूस अडचणीला नीट तोंड देतो, हे मला पूर्ण मान्य. त्याच विचारावर अमेरिकेत नववीच्या सुमारे 12 हजार विद्यार्थ्यांना तासाभरापेक्षा कमी वेळाचा ऑनलाइन धडा दिला गेला. त्याचे निष्कर्ष 2019 मध्ये आले. अभ्यासात मागे असलेल्यांचे गुण थोडे वाढले, आणि ज्या शाळांत बरोबरची मुलंही अवघड गणिताला भिडणारी होती तिथे फायदा अधिक दिसला. आजूबाजूला आव्हान घेण्याची रीतच नसेल, तर एकट्याने मन बदलून कितीसं होणार?

आणखी एक सांगायला हवं. लवचिकतेच्या नावाखाली बरंच काही खपवलं जातं. माणसं कमी म्हणून सलग दोन पाळ्या कराव्या लागल्या आणि तक्रार केली, तर "तुमच्यात लवचिकता नाही" हे उत्तर मी ऐकलं आहे. ती मनोवृत्तीची उणीव नव्हे, भरती न केल्याची आहे. शिवाय काही गोष्टी वाकवायच्याच नसतात. काउंट जुळल्याशिवाय पोट बंद होणार नाही. निर्जंतुक हातमोजा कशाला लागला अशी नुसती शंका आली तरी तो बदलायचा, समोर कोणीही असो. ज्या टीममध्ये अशा चार गोष्टी पक्क्या असतात, तिथली माणसं बाकीच्या बाबतींत मोकळेपणाने बदलतात, कारण पायाखाली काय घट्ट आहे ते त्यांना माहीत असतं.

माझी विनंती अशी, की या विषयावरचे पुढचे लेख प्रमुखांना उद्देशून छापावेत. बैठकीत आधी कोण बोलतं, वाईट बातमी आणणाऱ्याला पहिलं वाक्य काय ऐकायला मिळतं, हाताखालच्याकडून शेवटचं काय शिकलो, असं त्यांना थेट विचारावं. आणि त्याच पानावर टेक्निशियन, वॉर्डबॉय, शिकाऊ कामगार, नव्याने लागलेला कारकून यांनाही लिहू द्यावं. नाव न छापण्याची हमी दिलीत तर ते लिहितील. निदान आमच्या ओटीतल्या मुलींना तरी मी लिहायला सांगेन.

कळावे,
आपली,
एक निवृत्त ओटी इन्चार्ज सिस्टर