नकार मोठ्याने द्या

महोदय,
मी २२ वर्षांची, परळला नोकरी करते. ऑफिस सुटल्यावर आमच्या कट्ट्यावर हल्ली ई-सिगारेट हातोहात फिरते. २०१९पासून देशात तिच्या विक्रीवर बंदी आहे. तरी ‘एक झुरका मार गं, एवढी काय घाबरतेस?’ हे ठरलेलंच. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांच्या १९५०च्या दशकातल्या प्रयोगांत रेषांची लांबी डोळ्यांसमोर असूनही अनेकांनी बाकीच्या गटाने मुद्दाम दिलेलं चुकीचं उत्तर उचललं. पण गटातल्या एकानेही बरोबर उत्तर दिलं, की दडपण झपाट्याने उतरायचं. मला हेच मोलाचं वाटतं. म्हणून मी ‘नको’ सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणते. परवा नव्याने रुजू झालेल्या मुलीनेही हात मागे घेतला. कॉलेजांनी नुसती व्याख्यानं न ठेवता मुलांकडून असा नकार वर्गात बोलून घ्यावा, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, लालबाग, मुंबई